ओईटी परीक्षा : वॉर्डातला अनुभव कामाला येतो, वॉर्डातल्या सवयी आड येतात

ओईटी (ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट) म्हणजे परदेशी निघालेल्या नर्स, डॉक्टर वगैरेंसाठीची इंग्रजीची परीक्षा. ती कुणी द्यायची नाही, ते आधी सांगतो. दुबई, सौदी किंवा कतारला जायचं असेल तर ओईटीवर रुपयाही घालवू नका. तिकडे डेटाफ्लो या कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी आणि नर्सिंग विषयाची परवाना परीक्षा (बोलण्यात ‘प्रोमेट्रिक’) लागते. जर्मनीचा बेत असेल तर बी1, बी2 या पातळ्यांपर्यंत जर्मन शिकावं लागतं, इंग्रजीच्या गुणपत्रिकेला तिथे कुणी विचारत नाही. ओईटी उपयोगी पडते ती युके, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडे निघालेल्यांना.

युकेच्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, ओईटी आणि आयईएल्टीएस (सगळ्यांसाठीची सर्वसाधारण इंग्रजी परीक्षा) दोन्ही चालतात. ओईटीत लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला बी ग्रेड (350 गुण) आणि रायटिंगला सी प्लस (300 गुण) हवी. आयईएल्टीएस अकॅडेमिकमध्ये तिन्हींना 7 आणि रायटिंगला 6.5. एका वेळी जमलं नाही तर बारा महिन्यांच्या आतल्या दोन प्रयत्नांचे गुण एकत्र धरतात. मात्र दोन्ही वेळा चारही पेपर द्यायचे आणि कुठलाही गुण फार घसरू द्यायचा नाही: ओईटीत तिन्हींना किमान सी प्लस आणि रायटिंगला सी. क्लासवाले यातला शेवटचा भाग बहुतेकदा सांगायचा विसरतात.

फी ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये असते आणि रुपयांत तीस हजारांच्या वर जाते, आयईएल्टीएसच्या जवळजवळ दुप्पट. मग महाग परीक्षा का द्यायची? आयईएल्टीएसच्या रायटिंगमध्ये एक आलेख समजावून सांगायचा आणि शहरीकरणासारख्या विषयावर निबंध लिहायचा असतो. ज्या सिस्टरचा दिवस सलाईन, ड्रेसिंग आणि इनटेक-आउटपुट चार्टमध्ये जातो, तिला ते विषय परके वाटतात. ओईटीत सगळे विषय रुग्ण, औषध, वॉर्ड यांचेच. अर्धी लढाई तिथेच सोपी होते, आणि फसगतही तिथूनच सुरू होते. विषय ओळखीचा दिसला की अभ्यास कमी पडतो.

रीडिंगचा पार्ट ए म्हणजे चार छोटे उतारे, 20 प्रश्न आणि 15 मिनिटं. एका प्रश्नाला पाऊण मिनिट. वेळ संपली की मागे वळून बघता येत नाही. इथे समजून वाचायला बसलात तर संपलात; शीर्षक, तक्ता, डोस यांच्यावरून नजर फिरवायची आणि उत्तरात उताऱ्यातला शब्द जसाच्या तसा लिहायचा. पार्ट बी आणि सी मिळून 22 प्रश्नांना 45 मिनिटं पुरतात. लिसनिंगमध्ये 42 प्रश्न, ध्वनिफीत एकदाच वाजते. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंग चालतात. ऑस्ट्रेलियन उच्चार कानाला आधी वेडेवाकडे लागतात, पण रोज अर्धा तास ऐकलं की महिन्याभरात कान सरावतो. या दोन पेपरांबद्दल एवढं पुरे.

खरा घात रायटिंगमध्ये होतो. पाच मिनिटं केस नोट्स, म्हणजे पेशंटच्या तुटक नोंदी, वाचायच्या आणि चाळीस मिनिटांत पत्र लिहायचं, मजकूर साधारण 180 ते 200 शब्द. आता सिव्हिलमध्ये, मिशनमध्ये किंवा कराडच्या मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर पत्र कधी लिहिते? डिस्चार्ज कार्ड डॉक्टर लिहितात. सिस्टर रिपोर्ट बुक भरते आणि हँडओव्हर तोंडी देते. त्यामुळे दहा वर्षं आयसीयू केलेली सिस्टरसुद्धा या पेपरात नवखी असते.

त्यात पत्र बऱ्याचदा कम्युनिटी नर्सला लिहायचं असतं. हे पद आपल्याकडे त्या रूपात नाही. उपकेंद्राची एएनएम किंवा आशाताई डोळ्यासमोर आणली तर चुकीचं पत्र होतं. तिकडची कम्युनिटी नर्स घरी जाऊन ड्रेसिंग करते, इन्शुलिन देते, जखम बघून पुढचं ठरवते. तिला हवं असतं ते एवढंच: जखम आज कशी आहे, ड्रेसिंग कुठलं आणि किती दिवसांनी, टाके कधी काढायचे, पेशंट एकटा राहतो का, जिना चढतो का. ऑपरेशनच्या दिवशी सोडियम किती होतं याच्याशी तिला देणंघेणं नाही. नोट्समध्ये मात्र तो आकडा मुद्दाम ठेवलेला असतो. आपल्याकडे रिपोर्ट बुकात काही सुटलं तर इन्चार्ज सिस्टरची बोलणी बसतात, म्हणून हात आपोआप सगळं उतरवत जातो. ओईटीत त्याचेच गुण कापले जातात.

पत्र कशासाठी, ते पहिल्याच परिच्छेदात यायला हवं. त्याचे वेगळे गुण आहेत, शून्य ते तीन. बाकी पाच निकषांना शून्य ते सात: मजकूर, आटोपशीरपणा, शैली, मांडणी, भाषा. नोट्समधली तुटक वाक्यं पूर्ण करायची, वॉर्डातली शॉर्टफॉर्म जशीच्या तशी टाकायची नाहीत. मराठीला ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ ठाऊक नाहीत, त्यामुळे ते हमखास गळतात. लिहून झाल्यावर शेवटची तीन मिनिटं फक्त नामांवरून बोट फिरवा.

स्पीकिंगमध्ये दोन रोल-प्ले, प्रत्येकाच्या तयारीला तीन मिनिटं आणि बोलायला पाच. समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो. तो गुण देत नाही; रेकॉर्डिंग दुसरीकडे तपासतात. त्यामुळे तो हसला की पास आणि गप्प राहिला की नापास, असं काही धरू नका.

इथे इंग्रजीपेक्षा सवय आड येते. चाळीस पेशंटच्या वॉर्डात दोन सिस्टर असल्या की बोलणं हुकमाचंच होतं: ‘आजी, उठू नका’, ‘मामा, सुई टोचतेय, हलू नका’. त्यात माया असते, पण परीक्षेत ती दिसत नाही. तिथे आधी विचारायचं असतं: याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे, कशाची काळजी वाटते, मी सांगू का. मग थोडं सांगायचं, समजलं का ते बघायचं आणि मगच पुढे जायचं. ‘व्हॉट इज युअर प्रॉब्लेम?’ हे आपल्याला साधं वाटतं, ऐकणाऱ्याला ते भांडणाची सुरुवात वाटते. नुसतं ‘डोन्ट वरी’ म्हणूनही धीर मिळत नाही, काळजी का नको ते सांगावं लागतं. आणि तयारीसाठी मिळालेल्या कार्डावरचे मुद्दे वाचून दाखवायचे नाहीत. पाच मिनिटांत सगळे संपले नाहीत तरी चालतं, पेशंटला अर्ध्यात तोडलेलं चालत नाही.

क्लास निवडताना एकच गोष्ट बघा. तपासलेलं पत्र सहा निकषांचे वेगवेगळे गुण घालून परत मिळतं का? मिळत नसेल आणि भिंतीवर ‘हमखास बी ग्रेड’ लिहिलेलं असेल, तर पायऱ्या उतरा. नमुना पेपर ओईटीच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यांच्या झेरॉक्स काढून ‘स्टडी मटेरियल’ म्हणून विकणाऱ्यांची कीव करावी.

केंद्रासाठी पुणे धरून चला. साताऱ्याहून साधारण 110 किलोमीटर, पहाटे निघूनही जमतं. सांगली-मिरजेहून सव्वादोनशेच्या वर, तेव्हा आदल्या दिवशीच जा. नाइट करून थेट परीक्षेला बसणं म्हणजे फी फेकणं. नोंदणीला वापरलेला पासपोर्टच सोबत हवा.

तारीख घाईने घेऊ नका. निकाल दोन वर्षंच ग्राह्य असतो आणि युकेची परदेशी भरती सध्या मंदावलेली आहे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे का, नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे का, हे आधी उरका. लग्नानंतर बदललेलं नाव आणि मधलं नाव यांत अडकलेले अर्ज कमी नाहीत.

सरावाला सगळ्यात उत्तम, आणि फुकट, म्हणजे आधी गेलेली बॅचमेट. तिच्याकडून रोल-प्ले करून घ्या आणि तिथले पेशंट खरंच काय बोलतात ते विचारा: ‘वॉटरवर्क्स’ म्हणजे लघवीची तक्रार, ‘बंग्ड अप’ म्हणजे शौचाला न होणं, ‘पुअरली’ म्हणजे बरं नसणं. हे पुस्तकात क्वचित सापडतं. फोनची वेळ मात्र सांभाळा. युके आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं. ती रात्री आठला ड्युटीवरून सुटते तेव्हा मिरजेत साडेबारा किंवा दीड वाजलेला असतो. तिच्या ऑफच्या दिवशी, आपल्या दुपारी तीननंतर, तिचा चहा झाल्यावर लावा.