स्क्रॅपबुकचं तयार किट, पॉकेट अल्बम की सुटं सामान? तिन्ही करून झालंय म्हणून लिहितेय

परवा मावसबहिणीचा मेसेज आला, मुलाचा पहिला वाढदिवस दीड महिन्यावर आलाय, फोनमध्ये फोटोंचा ढीग आहे, ऑनलाइन एक मस्त स्क्रॅपबुक किट (फोटो चिकटवून सजवायच्या वहीचं सामान) दिसतंय, घेऊ का? मी तिला उलट एवढंच विचारलं, की नक्की किती फोटो लावायचेत. ती म्हणाली दीडशे तरी असतील. मग म्हटलं थांब, ते किट घेऊ नकोस.

माझ्या मते सगळा निर्णय इथेच होतो. किट सुंदर आहे का हे नंतर बघा, आधी फोटो मोजा, आणि त्यातले ओरिजिनल जुने किती आणि फोनवरून प्रिंट काढायचे किती हे वेगळं करा. मी आत्तापर्यंत भाचीच्या पहिल्या वर्षाचं पुस्तक तयार किटमधून केलंय, आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला पॉकेट अल्बम केलाय आणि बाकी बरंच काही पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून सुटं सामान आणून केलंय, त्यामुळे तिन्हीकडे कुठे अडतं ते माहिती आहे.

आधी तयार किट. यात साधारण १०-१२ डिझाइनचे कागद, स्टिकरची शीट, कापून तयार आलेली फुलं-फ्रेमा-पट्ट्या, एखादा वॉशी टेपचा (नक्षीदार कागदी चिकटपट्टीचा) रोल, आणि चांगलं किट असेल तर कुठलं पान कसं लावायचं त्याचा नकाशा मिळतो. याचं खरं सुख म्हणजे रंग जुळवायची डोकेफोड वाचते. पहिल्यांदा करणाऱ्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ कापण्या-चिकटवण्यात जात नाही, तो "हा हिरवा त्या पिवळ्याशी जातो का" यात जातो, आणि किटने ते आधीच ठरवून दिलेलं असतं. भाचीचं पुस्तक मी चार रविवारी पूर्ण केलं, सुटं सामान असतं तर चार महिने गेले असते हे मला पक्कं माहिती आहे.

पण हिशोब बघा. १२ कागद म्हणजे १२ पानं नाहीत. एक कागद मागे बॅकग्राउंडला जातो, दुसरा कापून त्याच्या पट्ट्या आणि चौकटी होतात, म्हणजे १२ कागदांतून नीट भरलेली सहा ते आठच पानं निघतात, आणि एका पानावर तीन फोटो छान दिसतात, चार म्हणजे गर्दी. म्हणजे एक किट = वीस-पंचवीस फोटो. दीडशे फोटोंना सहा-सात किट्स लागतील आणि प्रत्येकाचे रंग वेगळे.

साइज पण नीट वाचा. परदेशी पद्धतीचं मोठं पान १२ बाय १२ इंच असतं, म्हणजे जवळपास साडेतीस सेंटिमीटर, आणि घरच्या ए-फोर प्रिंटरमधून एवढा कागद जात नाही (ए-फोरची रुंदी २१ सेंटिमीटर), त्यामुळे पानावर शीर्षक छापायचं मनात असेल तर वेगळ्या कागदावर छापून चिकटवावं लागतं. स्वस्त किट्समध्ये बऱ्याचदा ६ बाय ६ चं पॅड असतं आणि फोटोत ते मोठंच दिसतं. मला एकदा असंच छोटं आलं होतं, त्यावर ४ बाय ६ चा एक फोटो लावला की पान संपलं. तेव्हापासून चित्र न बघता आधी इंच वाचते.

हा १२ इंचाचा प्रकार आणि त्या बेबी बॉय, फॉल, कॅम्पिंग वगैरे थीम्स सगळ्या अमेरिकेतून आल्यात. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीत वंशावळी आणि नोंदींवर जागतिक परिषद झाली, तिथे युटामधल्या मॅरिलेन क्रिस्टेन्सन बाईंनी घरच्यांच्या आठवणींच्या पन्नासेक वह्या मांडल्या होत्या, लोकांनी इतकं विचारलं की पुढच्या वर्षी त्यांनी आणि नवऱ्याने स्पॅनिश फोर्क गावात याच सामानाचं दुकान काढलं. तिथल्या घरांसाठी तिथले सण हे बरोबरच आहे, पण आपल्या बाळाच्या वर्षात बारसं, उष्टावण, बोरन्हाण असतं आणि त्यासाठी त्या किटमध्ये काहीच नसतं. बोरन्हाणाचा फोटो डोळ्यासमोर आणा, काळं झबलं, पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने, आजूबाजूला बोरं-चुरमुरे. तो फोटो फिक्या निळ्या ढगांच्या कागदावर लावला की मरगळलेला दिसतो, तोच विटकरी किंवा गडद लाल कागदावर लावा, हलवा अक्षरशः चमकतो. भाचीच्या पुस्तकात ते एक पान मी किट बाजूला ठेवून केलं आणि घरी आलेला प्रत्येकजण तिथेच थांबतो.

आता पॉकेट अल्बम, ज्याच्या मी खरंच प्रेमात आहे. यात १२ इंची पारदर्शक पानं असतात आणि त्यांना कप्पे असतात. सगळ्यात चालणाऱ्या प्रकारात ४ बाय ६ चे चार आणि ३ बाय ४ चे चार कप्पे असतात, बरोबर पान भरतं. मोठ्या कप्प्यात फोटो, छोट्यात किटबरोबर आलेली छापील कार्डं किंवा तुम्ही लिहिलेली. दोन्ही बाजूंनी धरलं तर एका पानात आठ मोठे फोटो, दहा पानांत ऐंशी. आणि स्टुडिओतून येणारी नेहमीची प्रिंट ४ बाय ६ च असते, त्यामुळे कात्री जवळपास लागतच नाही. मावसबहिणीला मी हेच सांगितलं, वीस पानं घे, दीडशे फोटो आरामात बसतात, बाळ झोपलं की दहा मिनिटं बसलीस तरी एक पान होतं, आणि उद्या एखादा फोटो बदलावासा वाटला तर काढून दुसरा घालता येतो, चिकटवलेल्या पानात ती सोय नाही.

यातलं उणं म्हणजे सगळी पानं सारखी चौकटीचौकटीची दिसतात, आणि फुलं-मोती-फोम असलं जाड काही कप्प्यात जात नाही. दुसरं म्हणजे प्लास्टिक कुठलं ते बघूनच घ्या. पीव्हीसी असेल तर फोटोला वर्षानुवर्षात त्रास होतो, फोटो चिकटून बसतो. पाकिटावर पॉलिप्रॉपिलीन लिहिलेलं असेल तर बिनधास्त घ्या. नवीन पानाला पावसाळी रेनकोटसारखा उग्र वास येत असेल तर मी तरी त्यात आईबाबांचे फोटो ठेवणार नाही.

आणि जुन्या फोटोंबद्दल मला कळकळीने सांगायचंय. ओरिजिनल कापू नका, चिकटवू नका, कुठल्याही किटवर नाही. स्कॅन करा, ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ४ बाय ६ म्हणजे १२०० बाय १८०० पिक्सेल होतात तेवढं प्रिंटला पुरतं, चकचकीत नसलेल्या मॅट कागदावर प्रिंट काढा आणि ती वापरा. आमच्याकडे ते चिकट पानांचे अल्बम होते, वर प्लास्टिक ओढून घ्यायचे तसले, त्यातले कितीतरी फोटो पिवळ्या रेघांसकट पानाला घट्ट बसले होते. मी ते दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा फोटोमागून हळूहळू सरकवत सोडवले, एकेका फोटोला पंधरा पंधरा मिनिटं, तरी दोन आले नाहीत, ते तसेच पानावर ठेवून मोबाइलने सरळ वरून फोटो घेतले. पत्रिका पण तशीच सांभाळा. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं असतं, ते इतक्या वर्षांनीही शेजारच्या फोटोला लागतं, आमच्याकडे लागलंच. पत्रिकेला स्वतंत्र कप्पा द्या.

कागदाचं पण याच्याशीच नातं आहे. वर्तमानपत्र उन्हात ठेवलं की पिवळं पडतं ते लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे, आणि कागदात आम्ल असेल तर तो स्वतः ठिसूळ होतो आणि लागून असलेला फोटोही खराब करतो. म्हणून किटवर अ‍ॅसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री दोन्ही लिहिलंय का ते बघा. काहीच लिहिलं नसेल तर ते किट वाढदिवसाच्या कार्डाला वापरा, पन्नास वर्षं टिकवायच्या पुस्तकाला नको.

तिसरा रस्ता सुट्या सामानाचा. पुण्यात कार्डशीट, टिंटेड पेपर, बटर पेपर, मेटॅलिक पेपर अप्पा बळवंत चौकात, आणि लेस, कुंदन, टिकल्या, मोती रविवार पेठेत. मुंबईकरांना क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रेहमान स्ट्रीट. जाडीला नंबर लक्षात ठेवा, झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये), पानाला बेस म्हणून २५० ते ३०० ची कार्डशीट, कापायच्या डिझाइनला १२०-१५० चालतो. आणि शिवाजीनगरला के. बी. जोशी रस्त्यावर हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, तिथला सुती चिंध्यांपासून केलेला कागद एकदा हातात घेऊन बघाच. त्याच्या फाटक्या कडा, त्यातला तो धाग्यांचा पोत, पन्नासाव्या वाढदिवसाचं पहिलं पान मी त्याच्यावरच केलंय, कुठल्याच छापील किटला तो भारदस्तपणा येत नाही.

सुटं सामान स्वस्त पडतं असं सगळे म्हणतात, मला ते अर्धवट खरं वाटतं. एका पानाला लागणाऱ्या टिकल्या दोन रुपयांच्या, पण पाकीट घ्यावं लागतं, कटर, कापताना खाली ठेवायची मॅट, स्टीलची पट्टी, पंच, सगळं एकदा घ्यावं लागतं. एकच पुस्तक करून थांबणार असाल तर किटच स्वस्त. दुसरं-तिसरं पुस्तक होणार असेल तर सुटं सामान जिंकतं.

एक्सप्लोजन बॉक्स (झाकण काढलं की चारी बाजू उघडून आतले फोटो दिसतात तो डबा) आणि क्विलिंगची (कागदी पट्ट्या गुंडाळून केलेल्या नक्षीची) किट्स पण लोक विचारतात. बॉक्स मैत्रिणीच्या निरोपाला, दहा-बारा फोटोंना मस्त, दोन संध्याकाळी होतो, पण कपाटात ठेवला की कडा दबतात, तो जपून ठेवायचा प्रकार नाही. क्विलिंग मुलांबरोबर सुट्टीत करायला छान, सुरुवातीला ५ मिलिमीटरच्या पट्ट्या घ्या, ३ च्या बोटांतून निसटतात. अल्बमच्या आत मात्र क्विलिंग लावू नका, दोन पानांत चेपतं.

चिकटवायला पांढरा पातळ गोंद कितीही सवयीचा असला तरी त्यात पाणी असतं आणि मोठा कागद त्याने हमखास सुरकुततो, मोठ्या कागदाला डबल साइड टेप, गोंद फक्त छोट्या तुकड्यांना आणि तोही काडीने. फोम टेप (वरचा तुकडा उचलून दाखवणारी जाड चिकटपट्टी) प्रत्येक पानावर लावण्याचा मोह होतो, मी तो केला, बारा पानांच्या दोन्ही बाजूंना, आणि पुस्तक मिटेनाच, शेवटी रिंग बदलून मोठ्या घ्याव्या लागल्या. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर हे काम शक्यतो करू नका, कागद ओल धरतो, टेप सुटते, आणि खळीने चिकटवलेलं असेल तर कसर लागलीच समजा.

तर तीसपेक्षा कमी फोटो, एकच प्रसंग, हात बसलेला नाही, तर तयार १२ इंची किट घ्या आणि सोबत दोन-तीन रंगीत कार्डशीट आपल्या सणांसाठी वेगळ्या आणा. शंभरच्या वर फोटो किंवा घरात लहान मूल, तर पॉकेट अल्बम, दुसरा विचारच नको. जुने कुटुंबाचे फोटो असतील तर पॉकेट अल्बमच, पण पहिलं आणि शेवटचं पान सुट्या सामानातून हाताने करा.

आणि यातलं काहीही ऑर्डर करायच्या आधी एक दुपार काढून जुने फोटो घेऊन आईजवळ, आत्याजवळ बसा, प्रत्येकात कोण कोण आहे ते विचारून नंबर घालून वहीत लिहून घ्या. आमच्या एका फोटोत बाबांच्या मागे फेटा बांधलेले एक गृहस्थ उभे आहेत, आईला फक्त "ते कोल्हापूरकडचे" एवढंच आठवतं, आणि त्यांच्या खालचं ३ बाय ४ चं कार्ड मी अजून कोरंच ठेवलंय.