जुन्या मशीनला डिजिटल पॅनेल: हातापायांच्या एक्स-रेचा अकरा महिन्यांचा अनुभव

आमचं हाडांचं छोटं हॉस्पिटल तालुक्याच्या गावात आहे. एक्स-रे मशीन जुनं, १०० एमएचं (एमए म्हणजे मिलिअँपिअर, ट्यूबमधल्या करंटचं माप). मागच्या गणपतीच्या सुमारास आमच्या डॉक्टर सरांनी नवीन मशीन न घेता याच मशीनसाठी १४ बाय १७ इंचाचं वायरलेस फ्लॅट पॅनेल, म्हणजे फिल्मच्या जागी ठेवायची डिजिटल पाटी, घेतलं. आमच्याकडे बहुतेक फोटो हातापायांचेच असतात: मनगट, कोपर, घोटा, गुडघा. असंच जुनं मशीन ज्यांच्याकडे आहे आणि पॅनेल घ्यायचा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

सुख खूप झालं, हे आधी सांगते. डार्करूम बंद झाली. डेव्हलपर-फिक्सरचा वास घरी जाईपर्यंत हाताला यायचा, तो गेला. पावसाळ्यात फिल्म वाळायची वाट बघत पेशंट ताटकळायचे, तेही संपलं. पेशंट टेबलावर असतानाच काही सेकंदांत चित्र समोर येतं.

पण एक गोष्ट कळायला मला तीन महिने लागले. हे पॅनेल एक्स्पोजरमधली (किती किरण दिले त्यातली) चूक झाकून घेतं, पोझिशनमधली (हात-पाय कसा ठेवला त्यातली) झाकत नाही.

फिल्मवर जास्त दिलं की फिल्म काळी यायची, कमी दिलं की पांढरी. चूक लगेच दिसायची आणि सरांकडून ऐकूनही घ्यावं लागायचं. पॅनेलवर कमी दिलं तर चित्र रवाळ येतं, जास्त दिलं तर उलट आणखी स्वच्छ दिसतं. त्यामुळे हात आपोआप वर सरकतो. दिवाळीपर्यंत मी पंजाचं एमएएस (किरण किती द्यायचे तो आकडा) अडीचवरून पाचवर नेलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. स्क्रीनच्या कोपऱ्यात डेव्हिएशन इंडेक्सचा, म्हणजे ठरलेल्या एक्स्पोजरपेक्षा किती जास्त-कमी झालं त्याचा आकडा येतो, तिकडे मी बघतच नव्हते. एका संध्याकाळी मागचे फोटो उघडून बघितले, तर ओळीने प्लस ३, प्लस ४. प्लस ३ म्हणजे ठरलेल्याच्या दुप्पट, मायनस ३ म्हणजे निम्मं. म्हणजे कित्येक पेशंटना मी विनाकारण दुप्पट डोस दिला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी नवा चार्ट करून मशीनशेजारी चिकटवला. ट्यूबपासून पॅनेलचं अंतर १०० सेंटिमीटर, ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) नाही (दहा सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीच्या भागाला ग्रिड लागतच नाही, लावलं तर डोस वाढतो). पंजा ५० केव्ही (किलोव्होल्ट, किरणांचा जोर), २ एमएएस. मनगट ५२ ला अडीच, लॅटरलला (बाजूने काढलेल्या फोटोला) केव्ही चारने वाढवायचा. कोपर आणि घोटा ५६ ला ४. गुडघा ६२ ला ६. लहान मुलांचा चार्ट वेगळा. हे आकडे माझ्या मशीनचे आहेत, तसेच उचलू नका. आपापल्या मशीनवर इंडेक्स शून्याच्या आसपास येईपर्यंत स्वतः बसवा. ओल्या प्लॅस्टरवरून फोटो काढायचा तर वाढवावं लागतं, फायबर कास्टला जवळपास काहीच वाढवावं लागत नाही.

जुन्या मशीनवाल्यांनी आणखी एक सांभाळायचं, ते म्हणजे लाइन व्होल्टेज. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. प्रत्येक एक्स्पोजरआधी नॉब फिरवून काटा खुणेवर आणला नाही, तर ५६ लावूनही खरे ५६ मिळत नाहीत. फिल्मच्या काळात अंगवळणी पडलेली ही सवय पॅनेल आल्यावर सुटायला लागली होती.

तक्रार एकच, पण मोठी आहे. आमचं पॅनेल किरण पडले की आपोआप सुरू होतं. मशीनला वायर जोडावी लागत नाही, हे विकणाऱ्याने फायदा म्हणून सांगितलं होतं. पण बोटाच्या फोटोला कॉलिमेटर (किरणांचा झोत लहान-मोठा करणारा भाग) बारीक केला आणि एक्स्पोजर कमी असलं, की कधीकधी पॅनेल जागंच होत नाही. किरण पडून जातात, चित्र येत नाही, पेशंटला डोस मात्र मिळतो. दोन आठवडे फोन केल्यावर इंजिनिअर आला, सेटिंग बदललं, प्रमाण कमी झालं. आता बोट पॅनेलच्या मधोमधच ठेवते. तुम्ही घ्याल तेव्हा डेमोला छातीचा फोटो बघून खूश होऊ नका, करंगळीचा काढायला लावा.

आता पोझिशनचं. मनगटाचे फोटो आमच्याकडे सर्वात जास्त, त्यात घसरून हातावर पडलेल्या बायका बऱ्याच. परवाच एक आजी आल्या, मनगटाला सूज, त्यावर हाडवैद्याचा वाळलेला लेप, हातात काचेचा चुडा. लेप ओल्या कापसाने हळूहळू पुसून काढला, कारण त्याचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन बसतात. चुड्याला हात लावला तशा त्या म्हणाल्या, "बाई, बांगडी फोडू नको गं." मी म्हटलं, "नाही फोडत आजी, वर सरकवते फक्त." सूज खाली होती म्हणून बांगड्या कोपराकडे गेल्या, तिथे चिकटपट्टीने धरून ठेवल्या. मग लॅटरल. दुखरा हात माणूस नुसता मनगटातून फिरवतो, आणि रेडियस-अल्ना ही कोपराखालची दोन हाडं एकावर एक येत नाहीत. म्हणून कोपर नव्वद अंशांत टेबलावर टेकवून अख्खा हातच उभा करायचा, अंगठा वर. फोटो आला की मी आधी पिसिफॉर्म हे मनगटातलं छोटं हाड बघते. त्याची तळहाताकडची कडा स्कॅफॉइड आणि कॅपिटेट या मनगटातल्याच दुसऱ्या दोन हाडांच्या मधे पडली, तर लॅटरल खरा. आजींचा दुसऱ्यांदा काढावा लागला नाही.

मुलांच्या कोपराला तर घाई करूच नये. खांदा, कोपर, मनगट एका पातळीत हवं, म्हणून मुलाला बुटक्या स्टुलावर बसवते. हाड मोडल्याची रेघ दिसत नसली तरी ह्यूमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) मागे चरबीची काळी सावली दिसली, तर सर फ्रॅक्चर धरूनच चालतात. हात जरा फिरला की त्या सावलीवर विसंबता येत नाही. फोरआर्मला (कोपर ते मनगट) तळहात वरच हवा, पालथा ठेवला तर दोन्ही हाडं एकमेकांना ओलांडतात. घोट्याच्या मॉर्टिस व्ह्यूला (सांध्यातली फट मोकळी दिसावी म्हणून पाय किंचित आत वळवून काढलेला फोटो) १५ ते २० अंश आत वळवताना नुसता चवडा वळवू नका, गुडघ्यापासून पाय वळवा. आणि पैंजण काढायला आठवणीने सांगा.

स्कॅफॉइडचा वेगळा व्ह्यू मी आता मागायची वाट बघत नाही. बाइकवरून पडलेल्या एका मुलाचं मनगट नेहमीच्या दोन फोटोंत अगदी स्वच्छ होतं. सर म्हणाले, अंगठ्याच्या बुडाशी दाबलं की ओरडतोय, परत घ्या. मनगट करंगळीकडे वळवून, ट्यूब २० अंश कोपराकडे कलती करून घेतला, आणि केसाएवढी रेघ दिसली.

उभ्याने गुडघ्याचा फोटो काढताना पॅनेल गुडघ्याच्या मागे उभं धरावं लागतं. त्यासाठी सुताराकडून खाच असलेली लाकडी पायरी करून घेतली आहे. पावलाच्या फोटोला मात्र पेशंटला पॅनेलवर उभं करत नाही, टाचेचा सगळा भार एकाच जागी येतो. टेबलावर बसवून, गुडघा वाकवून, तळवा हलका टेकवायला सांगते.