मॅथ.इजक्लोज : एक पावसाळा वापरून

मॅथ.इजक्लोज म्हणजे दोन आकडे जवळपास सारखे आहेत का ते सांगणारं, पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं तयार फंक्शन. दूध संकलनाच्या टँकरचे रूट काढणारं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. सुरुवातीला प्रत्येक गावाचं अंतर अनंत, म्हणजे इन्फिनिटी धरायचं आणि रस्ता सापडेल तसं ते उतरवत आणायचं, ही नेहमीची रीत. पूल पाण्याखाली गेला की पलीकडची गावं अनंतावरच अडकून राहतात. कालचा आणि आजचा तक्ता ताडून बघायला मी घरचंच चार ओळींचं फंक्शन लिहिलं होतं. दोन आकड्यांतला फरक मोठ्या आकड्याच्या अब्जांशापेक्षा जास्त नसेल, तर ते 'सारखे'.

जुलैत त्यानं मला तोंडघशी पाडलं. कालही बंद आणि आजही बंद असलेल्या गावाला ते म्हणे, बदल झाला! आणि काल 14 किलोमीटरवर असलेलं, आज रस्ता तुटलेलं गाव? सारखंच. शेवटी कागद-पेन घेऊन बसलो. अनंतातून अनंत वजा केलं की येतो नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही' अशी खूण, आणि नॅन कशाहूनही लहान नाही, मोठा नाही, कशाएवढाही नाही. उलट अनंतातून 14 गेले तरी अनंतच, त्याचा अब्जांशही अनंतच. अनंत अनंतापेक्षा जास्त नाही, झालं, पास! संगणकाचा हिशोब 1985 च्या आयईईई 754 या संगणकी अपूर्णांकांच्या मानकाप्रमाणे बिनचूक होता. गाढव मी.

मॅथ.इजक्लोज पायथॉनमध्ये 3.5 आवृत्तीपासून, म्हणजे 2015 पासून पडून आहे. ते आधी दोन्ही आकडे तंतोतंत एकच आहेत का बघतं. असतील तर विषय संपला. नसतील आणि त्यातला एक जरी अनंत निघाला, तर सरळ 'नाही'. वजाबाकीची पाळी त्यानंतर. मी मुद्दाम छळायला 14 आणि अनंत देऊन चालेल तेवढी तफावतही अनंतच भरली. तरी बधलं नाही.

तक्रार शून्याबद्दल आहे. 0.1 अधिक 0.2 वजा 0.3 केलं की दशांश चिन्हापुढे सोळा शून्यं आणि मग 555 असा गाळ उरतो. तो शून्याच्या जवळ आहे का विचारलं तर उत्तर 'नाही'! एबीएस_टॉल, म्हणजे चालेल तेवढ्या तफावतीचा थेट आकडा, आपण हातानं द्यायचा, कारण आपण दिला नाही तर तो शून्य असतो. यात नवी पोरं हमखास फसतात.

तक्ता जेसनमधून, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांना माहिती देतात त्या मजकुरी साच्यातून, पाठवणार असाल तर जपून. पायथॉन त्यात इन्फिनिटी हा शब्द जसाच्या तसा लिहून मोकळं होतं आणि ब्राउझरचं जेसन.पार्स तो वाचायला नकार देतं. पण त्याचं पाप या फंक्शनच्या माथी नको.

पाचपैकी चार. एक शून्यापायी कापला.