अपलोड कुठे अडतो? फोंड्यातील घरगुती फायबर जोडणीचा वापरानंतरचा अनुभव

फोंडा तालुक्यातील आमच्या घरी फायबरची जोडणी गेल्या दिवाळीनंतर आली आणि आता चवथ (गणेश चतुर्थी) आटोपल्यावर हा अनुभव लिहीत आहे. मधला बहुतेक पावसाळा या लाइनने सोसला असल्यामुळे तिच्याविषयी काही ठामपणे सांगता येते. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण येथे वर्णिलेले दोष कोणत्याही कंपनीच्या जोडणीत निघू शकतात. योजना डाऊनलोड आणि अपलोड या दोन्हींसाठी १०० एमबीपीएसची आहे. माझे काम मुख्यतः अपलोडवर चालते: मी संवादिनी शिकवतो, गोव्याबाहेरच्या विद्यार्थ्यांचे वर्ग व्हिडिओ कॉलवर घेतो आणि आमच्या भजनी मंडळाची ध्वनिचित्रमुद्रणे संकलनासाठी पाठवतो.

डाऊनलोडबद्दल पहिल्या दिवसापासून तक्रार नाही. अपलोड मात्र मागच्या खोलीतील संगणकावर सहा-सात एमबीपीएसवर अडकून राहत असे. आठ जीबीची जी फाइल साधारण बारा मिनिटांत जायला हवी, तिला तीन तास लागत. तक्रार केल्यावर आलेल्या लाइनमनने ओएनटीजवळ (घरात फायबर जिथे संपते त्या छोट्या यंत्राजवळ) उभे राहून मोबाइलवर चाचणी घेतली, डाऊनलोडचा आकडा पाहिला आणि ‘लायन सारकी आसा’ (लाइन ठीक आहे) म्हणून तो निघून गेला. त्याला दोष देऊन फारसे काही साधत नाही. दूरसंचार विभागाने २०२३ साली ब्रॉडबँडची किमान मर्यादा २ एमबीपीएसवर नेली, तीही डाऊनलोडचीच. अपलोडचा त्या व्याख्येत उल्लेखच नाही. सगळी व्यवस्था एकाच दिशेकडे पाहणारी असल्यावर तक्रार नोंदवणाराही तिकडेच पाहणार.

म्हणून मार्गाचा प्रत्येक टप्पा वेगळा मोजायचे ठरवले. लॅपटॉपचे वायफाय बंद केले, नवी छोटी केबल थेट ओएनटीला लावली आणि चाचणी घेतली, तेव्हा अपलोड ९४ भरला. (१०० एमबीपीएसच्या पोर्टवर याहून फार अधिक दिसत नाही, माहिती ज्या छोट्या तुकड्यांत जाते त्या प्रत्येक पॅकेटच्या शीर्षकांत उरलेला भाग खर्ची पडतो.) याचा अर्थ निदान त्या दिवशी कंपनीची लाइन निर्दोष होती आणि दोष ओएनटी ते मागची खोली या टप्प्यात होता. आमचे घर जुने, चिऱ्यांच्या जाड भिंतींचे आहे. ओएनटी पुढच्या खोलीत आहे आणि तेथून जोडणी देणाऱ्यांनीच राजांगणाच्या (घराच्या मधल्या चौकाच्या) कडेने, वाशांना बांधून, मागच्या राऊटरपर्यंत लॅन केबल ओढली होती. ती घरातल्या वापराची साधी केबल होती. तिचे टोक कापून तारा खरवडल्या, तेव्हा वरचा तांब्याचा मुलामा निघून आत पांढरट ॲल्युमिनियम दिसले. अशी केबल स्वस्त पडते, पण ती लॅन केबलच्या कॅट-५ई या मानकात बसत नाही, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तिचे टोक लवकर गंजते.

एकाच केबलमधून डाऊनलोड पूर्ण आणि अपलोड मरगळलेला, हे कसे शक्य आहे, असा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. त्याचे उत्तर केबलच्या रचनेत आहे. गिगाबिट (१००० एमबीपीएस) वेगासाठी केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात आणि प्रत्येक जोडी दोन्ही दिशांनी वापरली जाते. त्यांपैकी एखादी निकामी झाली की बरीच उपकरणे गुपचूप १०० एमबीपीएसवर उतरतात, आणि तेथे केवळ दोन जोड्या उरतात: एक जाण्याची, एक येण्याची. आमच्या केबलमधील जाण्याची जोडी टोकाशी गंजली होती. काही पॅकेट्स वाटेत खराब होत, आणि पॅकेट हरवले की टीसीपी हा पॅकेट्सची ने-आण सांभाळणारा नियम वाहतुकीची कोंडी झाली असे समजून स्वतःचा वेग कमी करतो. त्यामुळे शंभरात दोन-तीन पॅकेट्स गळाली तरी वेग दोन-तीन टक्क्यांनी कमी होत नाही, तो पार कोसळतो. येण्याची जोडी शाबूत असल्यामुळे डाऊनलोड ९४ दिसत राहिला आणि योजनाही १०० चीच असल्यामुळे कोणाला शंका आली नाही. ओएनटीच्या लॅन पोर्टवर येणाऱ्या चुकीच्या फ्रेम्सचा (खराब झालेल्या तुकड्यांचा) आकडा अपलोड सुरू असताना वाढत जातो का, एवढे पाहिले तरी हा दोष सापडतो. शुद्ध तांब्याची, बाहेरच्या वापराची कॅट-६ केबल नळीतून घातल्यावर हा प्रश्न मिटला.

जुलैमध्ये दुसरी गोष्ट घडली. वादळात माडाची झावळी पडून खांबाकडून घराकडे येणारी फायबर तुटली, ती तातडीने जोडून दिली गेली, आणि त्यानंतर जोराचा पाऊस लागला की अपलोड पुन्हा घसरू लागला, तोही आता थेट ओएनटीवर. येथे प्रकाशाची तीव्रता पाहावी लागते. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर ती डीबीएम या एककात, उणे चिन्हासह दिसते; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश क्षीण. उन्हाळ्यात आमचा आकडा उणे १९ च्या आसपास होता. पावसात तो उणे २६ पर्यंत जाऊ लागला. सात डेसिबलचा फरक म्हणजे प्रकाश जवळजवळ एक-पंचमांशावर येणे, आणि प्रचलित बी-प्लस वर्गातील ओएनटीची मर्यादा उणे २७ असते. मात्र हा आकडा आपल्याकडे येणाऱ्या, १४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचा आहे. आपल्याकडून जाणारा प्रकाश १३१० नॅनोमीटरचा असतो आणि तो कंपनीच्या ओएलटीवर (लाइनच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्रावर) किती पोहोचतो, हे कंपनीच्याच पडद्यावर दिसते. म्हणून तक्रार करताना ‘ओएलटीवरचे रीडिंग सांगा’ असे स्पष्ट म्हणावे. मी तसे म्हटल्यावर पलीकडच्या माणसाचा सूरच बदलला आणि दुसऱ्या दिवशी जाणता लाइनमन आला.

खांबावरील डबीचे झाकण गायब होते आणि आत हिरव्या ॲडॉप्टरमध्ये निळा कनेक्टर दाबून बसवलेला होता. हिरव्या प्रकाराचे टोक आठ अंशांत तिरके घासलेले असते, निळ्याचे तसे नसते. दोन्ही एकमेकांना लावले की मध्ये फट राहते. त्या फटीत ओल शिरल्यावर काय होणार, हे सांगायला नको. कनेक्टर बदलून डबी बंद केल्यावर आकडा उणे २० वर स्थिरावला.

यानंतरही वर्गात अधूनमधून स्वर तुटत असे, आणि तेव्हा वेगाचा प्रश्नच नव्हता. घरातील मोबाइल फोटोंची प्रत मेघात (क्लाउडवर) पाठवू लागले की ते अपलोडचा मार्ग काठोकाठ भरत आणि पिंगचा, म्हणजे संदेश जाऊन उत्तर येण्याचा, वेळ वीस मिलिसेकंदांवरून पाचशेच्याही पुढे जाई. फेरीबोटीच्या धक्क्यावर आधी ट्रकांची रांग लागली की मागच्या स्कूटरलाही थांबावे लागते, तसे माझ्या आवाजाच्या छोट्या पॅकेट्सचे होत असे. ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालणाऱ्या राऊटरवर ‘केक’ ही रांग-व्यवस्था सुरू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली, म्हणजे ८५ एमबीपीएसवर ठेवली. मोठी फाइल जात असतानाही आता वर्ग सुरळीत होतो. माझ्या मते सर्व उपायांत हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

वायफायबद्दल थोडेच सांगतो. मोबाइलचा प्रक्षेपक राऊटरच्या मानाने दुबळा असतो, त्यामुळे भिंतीपलीकडे गेल्यावर आधी अपलोड पडतो, आणि चिऱ्यांच्या दोन भिंती ५ गिगाहर्ट्झला पुरून उरतात. वर्ग घेताना मी केबलच वापरतो. वीज गेल्यावर लाइन टिकावी म्हणून ओएनटी आणि राऊटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला आहे.

लाइनविषयी माझे मत चांगले आहे; दोष दूर झाल्यावर थेट ओएनटीवर मोजला तर सकाळ-संध्याकाळ अपलोड ९० च्या खाली क्वचितच जातो. सेवेविषयी तसे म्हणवत नाही. दूरध्वनीवर सांगितलेली तक्रार ‘वेग कमी’ एवढ्या दोन शब्दांत नोंदली जाते, म्हणून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) घ्यावा आणि केबलवर घेतलेल्या चाचणीची वेळ, दोन्ही दिशांचे आकडे आणि डीबीएमचे रीडिंग लेखी पाठवावे. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या विनियमांनुसार तक्रार केंद्राने समाधान केले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते, पण तेथेही डॉकेट क्रमांक लागतोच.

खांब ते घर ही फायबर अजून जोड दिलेलीच आहे. पाऊस ओसरल्यावर ती अखंड बदलून देऊ, असे कंपनीने लेखी कळवले आहे. तोपर्यंत मी वर्षाची सवलत सोडून तीन महिन्यांचेच नूतनीकरण केले आहे.