डकटेल्स रीमास्टर्ड: सगळी मजा त्या काठीत आहे

लहानपणीच्या कार्टूनवर गेम करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी चेहरे जुळवतात, मग आवाज, मग शीर्षकगीत. माझ्या मते सुरुवात तिथून करू नये. आधी विचारावं, हे पात्र करतं काय? बटण दाबल्यावर माझ्या हातून नेमकं काय घडणार आहे? 'डकटेल्स रीमास्टर्ड', म्हणजे डिस्नेच्या 'डकटेल्स' कार्टूनवरच्या जुन्या गेमचा २०१३ मधला नवा अवतार, मला इतका आवडतो, कारण या प्रश्नाचं उत्तर त्यात अगदी पक्कं आहे. ते शोधलेलं मात्र २०१३ साली नाही, १९८९ सालीच.

कार्टूनचा नायक स्क्रूज मॅकडक हा म्हातारा बदक आहे. नाकावर चष्मा, डोक्यावर उंच टोपी, हातात काठी. अशा आजोबांना ॲक्शन गेमचा नायक करायचं तर सोपा मार्ग म्हणजे त्यांच्या हातात एखादं शस्त्र द्यायचं. मग पात्र तिथेच मेलं असतं. कॅपकॉम या जपानी कंपनीने एनईएस या निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलसाठी १९८९ मध्ये मूळ 'डकटेल्स' केला तेव्हा त्यांनी ती काठीच कामाला लावली. उडी मारून हवेत असताना काठी खाली रोखायची, की स्क्रूज तिच्यावर उभा राहून टुणटुण उसळत सुटतो. खाली शत्रू असला तर तो गारद. खाली काटे असले तरी त्याला ओरखडा उठत नाही. साध्या उडीपेक्षा ही उसळी उंच जाते, त्यामुळे जिथे एरवी हात पोहोचत नाही तिथल्या पेट्या, दोर, कपारी आवाक्यात येतात. आणि जमिनीवर उभं राहून तीच काठी गोल्फच्या स्टिकसारखी फिरवली की समोरचा दगड उडून पलीकडच्या शत्रूला लागतो. स्क्रूज मूळचा स्कॉटिश, तेव्हा गोल्फही त्याला शोभून दिसतो.

हट्टी, चपळ, कुठल्याही खड्ड्यातून पैसा उकरून काढणारा हा म्हातारा कार्टूनमध्ये आपण नुसता बघायचो. इथे त्याचा हट्ट आपल्या अंगठ्यात येतो. एकदा उसळायला लागलं की जमिनीवर चालावंसं वाटत नाही. भिंतीला टेकून उसळावं, छताखालून उसळावं, कुठेतरी हिरा दिसेल म्हणून रिकाम्या कोपऱ्यात उसळावं. आणि तो हिरा खरंच दिसतो! ठरावीक जागेवरून गेल्याशिवाय उघड न होणारी रत्नं मूळ गेममध्येही होती आणि नव्यातही आहेत. लोभाचं फळ लगेच हातात पडतं, म्हणून खेळणारा आपोआप स्क्रूजसारखा विचार करू लागतो.

हे नुसत्या आठवणींमुळे मला वाटतंय का, हे तपासायला मी माझ्या भाचीला खेळायला बसवलं. तिने हे कार्टून पाहिलेलंच नाही. ह्यूई, ड्यूई, लूई कोण, लाँचपॅड कोण, तिला काही माहीत नव्हतं आणि त्याने तिचं काही अडलं नाही. तिला उसळी सापडली आणि ती खेळत राहिली. हिमालयातल्या टप्प्यावर आली तेव्हा पहिल्याच खोल बर्फात काठी रुतली आणि स्क्रूज तिथेच अडकला. "मावशी, बटण बिघडलंय!" बटण ठीक होतं. ज्या एका गोष्टीवर तुम्ही आतापर्यंत विसंबून होतात ती गेम इथे तुमच्याकडून काढून घेतो, म्हणजे तुम्हाला जमिनीकडे बघावं लागतं. कुठे बर्फ टणक, कुठे मऊ, ते ओळखून उसळायचं. एक शब्द न बोलता एक नवा नियम शिकवून झाला. थोड्या वेळाने ती आधी पाऊल टाकून बघायची आणि मगच उसळायची. हा टप्पा मूळ गेमपासूनचा आहे आणि मला तो आजही सगळ्यांत हुशारीने रचलेला वाटतो.

रीमास्टर्ड वेफॉरवर्ड या गेम स्टुडिओने केला. मी काही काळ ॲनिमेशनमध्ये क्लीन-अपचं काम केलं आहे, म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या कच्च्या रेषा स्वच्छ करायच्या. त्यामुळे माझी नजर आधी हालचालीवर जाते. इथली पात्रं हाताने काढलेली आहेत आणि ते कळतं. काठी जमिनीला टेकते त्या क्षणी स्क्रूजचं सगळं अंग किंचित दबतं, मग ताणलं जातं. वजन आहे, लवचिकता आहे. तो नुसता उभा असतानाही निर्जीव वाटत नाही. पार्श्वभूमी मात्र त्रिमितीय आहे आणि तिथे मला थोडं खटकतं. पात्र कागदावरचं आणि पायाखालची जमीन संगणकातली, हा सांधा काही ठिकाणी दिसतो. ट्रान्सिल्व्हेनियाच्या वाड्यात अंधारामुळे तो झाकला जातो, ॲमेझॉनच्या उजेडात नाही.

आवाजांबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. १९८७ साली सुरू झालेल्या मूळ मालिकेत स्क्रूजला आवाज देणारे ॲलन यंगच या गेममध्ये बोलले आहेत. गेम आला तेव्हा ते ९३ वर्षांचे होते. मॅजिका डी स्पेल या चेटकिणीचा आवाज जून फोरे यांचा, त्या ९५ वर्षांच्या. ह्यूई, ड्यूई, लूई ही तिन्ही मुलं आणि छोटी वेबी हे चारही आवाज पुन्हा रसी टेलर यांचे. आज यांपैकी कोणीही हयात नाही. यंग २०१६ मध्ये गेले, फोरे २०१७ मध्ये, टेलर २०१९ मध्ये. यंग यांच्या आवाजात वय ऐकू येतं, थोडी खरखर आली आहे, पण 'र' वरचा तो स्कॉटिश झटका आणि पैशाचं नाव निघालं की चढणारा सूर जसाच्या तसा आहे. नकलाकार आणून काम भागवता आलं असतं. तसं केलं नाही आणि योग्य वेळी हे आवाज टिपून ठेवले, याबद्दल मी या गेमची कायमची ऋणी आहे.

पण याच आवाजांनी गेमचं सगळ्यांत मोठं नुकसानही केलं आहे. मूळ गेममध्ये बोलणं जेमतेम होतं, पाचपैकी हवा तो टप्पा निवडायचा आणि उसळत सुटायचं. नव्यात प्रत्येक टप्प्याला कथा जोडली आहे. सुरुवातीला बीगल बॉइज ही चोरांची टोळी स्क्रूजच्या तिजोरीवर हल्ला करते, त्यातून पाच खजिन्यांचा सुगावा लागतो, मग ॲमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र. इथपर्यंत छान. पण टप्प्याच्या ऐन मध्यात, तुम्ही लयीत आलेले असताना, खेळ थांबतो आणि पात्रं बोलू लागतात. एखादी वस्तू उचलली की बोलणं, वळणावर कोणी भेटलं की बोलणं. उसळीची सगळी गंमत तिच्या न तुटणाऱ्या लयीत आहे आणि इथे ती पुन्हा पुन्हा तुटते. पॉज करून संवाद वगळता येतो, पण वगळण्यासाठीही थांबावंच लागतं. शिवाय सगळे जीव संपले की टप्पा पहिल्यापासून, म्हणजे तीच संभाषणं पुन्हा समोर. हेच आवाज चालता चालता, खेळ न थांबवता ऐकवले असते तर मी या गेममध्ये काहीही बदलायला सांगितलं नसतं.

शेवटचा टप्पा मूळ गेममध्ये नव्हता. तिथे शेवटच्या लढतीसाठी पुन्हा ट्रान्सिल्व्हेनियात जावं लागायचं, इथे त्यासाठी व्हेसुव्हियसचा ज्वालामुखी आणला आहे. दिसायला भव्य, पण एकदम अवघड. आधीच्या टप्प्यांनी तुम्हाला हळूहळू तयार केलेलं असतं, हा मात्र चुकीला जागाच ठेवत नाही. भाचीने तिथे कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि परत मागितला नाही.

संगीत! मूळ गेममधली चंद्रावरची धून हिरोशिगे तोनोमुरा यांची. एनईएसच्या ध्वनीचिपमध्ये मोजके आवाज निघतात, दोन पल्स, एक ट्रायँगल, एक नॉइज (हे ध्वनीचे प्रकार) आणि ध्वनिमुद्रित आवाजांचे थोडेसे नमुने वाजवण्याची सोय. एवढ्यावर त्यांनी जे केलं ते ऐकून मला आजही भरून येतं, कारण ती धून धाडसाचीही आहे आणि एकटेपणाचीही. नव्या गेमसाठी जेक कॉफमन यांनी सगळ्या धुना नव्याने बांधल्या. वाद्यं वाढवली, पण मूळ चाल दाबली नाही. चंद्राच्या टप्प्यावर मी कितीतरी वेळ नुसती एका सुरक्षित जागी उसळत उभी राहिले आहे, धून संपू नये म्हणून.

कार्टूनवरचे बाकीचे गेम पाहिले की काठीची ही युक्ती किती दुर्मीळ आहे ते कळतं. पुष्कळ ठिकाणी पात्र बदललं तरी धावणं, उडी मारणं, ठोसा देणं तेच राहतं, फक्त वरचा पोशाख वेगळा. मला अलीकडे भेटलेला सुखद अपवाद म्हणजे मार्च २०२४ मध्ये आलेला 'स्नफकिन: मेलडी ऑफ मूमिनव्हॅली'. नॉर्वेच्या हायपर गेम्सने केलेला. मूमिन ही कार्टून मालिका पाहिलेल्यांना स्नफकिन आठवत असेल, टोपीवाला भटक्या, ज्याला 'इथे हे करू नका' असल्या पाट्यांचा मनापासून राग. गेममध्ये तुम्ही तेच करता. दरीत कोणीतरी आखीवरेखीव बागा उभ्या केल्या आहेत, पहारेकऱ्यांची नजर चुकवून आत शिरायचं आणि एकेक पाटी उपटून टाकायची. सगळ्या निघाल्या की बाग नाहीशी होऊन मूळचं रान परत येतं. लढाई नाही. हातात माउथ ऑर्गन, तो वाजवून प्राण्यांना जवळ करायचं. स्क्रूजच्या काठीचं आणि त्या पाट्यांचं नातं मला स्पष्ट दिसतं. दोन्हीकडे बनवणाऱ्यांनी आधी पात्राचा स्वभाव नीट पाहिला आणि मग बटणं ठरवली.

आता एक काळजीची गोष्ट. ऑगस्ट २०१९ मध्ये 'डकटेल्स रीमास्टर्ड' डिजिटल दुकानांमधून काढून घेतला गेला. काही महिने नव्याने विकत घेता येत नव्हता, मार्च २०२० मध्ये तो परत आला. कार्टूनवरच्या गेमच्या नशिबी हे असतंच, कारण पात्रं एकाची आणि गेम दुसऱ्याचा, मधला परवान्याचा धागा कधीही तुटू शकतो. त्यात जर ९३ वर्षांच्या कलावंताने दिलेला आवाज असेल तर तो असा गायब होऊ शकतो हे मला सहन होत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की घ्यायचा असेल तर टाळाटाळ करू नका, पीसीवर घ्या आणि उतरवून ठेवा. निन्टेंडोच्या वी यू कन्सोलवर नव्याने घेण्याचा विचार सोडून द्या, त्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं.

घेतलात तर सेटिंगमध्ये 'हार्ड पोगो' नावाचा पर्याय दिसेल. तो बंद असला की उसळीला एकच बटण पुरतं. चालू केला की जुन्या गेमसारखं खालची दिशा आणि बटण दोन्ही एकत्र दाबावं लागतं. मुलांना देताना तो बंदच ठेवा. ज्यांच्या बोटांना एनईएसची सवय आहे त्यांनी मात्र जरूर चालू करावा, हिमालय त्याने जास्त रंगतो. पहिल्या फेरीत संवाद वगळू नका, ते आवाज एकदा पूर्ण ऐका. दुसऱ्या फेरीपासून बिनधास्त वगळा. मिळवलेल्या पैशातून गॅलरीतली रेखाटनं आणि संगीत उघडता येतं, त्यातली कच्ची रेखाटनं तर मी फार मन लावून पाहिली. आणि गेम एकदा पूर्ण केलात की मूळ ८-बिट संगीत लावून खेळता येतं. ते लावा आणि पहिल्यांदा चंद्र निवडा.