चढताना 10, उतरताना 3: रीजनचा 18 महिन्यांचा हिशेब

घाट चढताना माझ्या विजेच्या गाडीची बॅटरी 71 टक्क्यांवरून 61 वर आली. तोच घाट परत उतरताना 48 ची 51 झाली. दिले दहा, आले तीन. हे परत येणं म्हणजेच रीजन, म्हणजे रीजनरेटिव्ह ब्रेकिंग: वेग आवरताना त्याची वीज करून ती बॅटरीत परत भरणं. माझ्या वहीत अशा 22 नोंदी आहेत आणि एकाही नोंदीत दिल्याइतकं परत आलेलं नाही.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे गाडी घेताना शोरूममधल्या मुलाने मला भलतंच ऐकवलं होतं. "मॅडम, ब्रेक दाबला की गाडी चार्ज होते. जितका ब्रेक माराल तितकी रेंज वाढेल!" मी उभा जन्म हिशेबतपासणीत घालवला आहे. खर्च केला की शिल्लक वाढते असं कुणी सांगितलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवली.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की सगळी चर्चा नावावरच होते. पुढच्या चाकांवर चालणारी आहे, बॅटरी 40 युनिटची, म्हणजे 40 किलोवॅट-तासांची, आणि माणसं-सामान धरून वजन साधारण 1650 किलो. रीजनच्या चार लेव्हल आहेत, 0 ते 3. स्टिअरिंगच्या मागे दोन पाती आहेत. डावं ओढलं की लेव्हल चढते, उजवं ओढलं की उतरते. 18 महिने झाले, 21 हजार किलोमीटर झाले. सीट, स्क्रीन, स्पीकर यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी फक्त रीजनबद्दल लिहिते आहे.

ज्यांनी लहानपणी सायकलला बाटलीसारखा डायनामो लावला असेल त्यांना रीजन निराळं समजावून सांगायला नको. डायनामो टायरला टेकवला की दिवा लागायचा आणि त्याच क्षणी पेडल जड व्हायचं. उजेडाचं बिल मांड्यांनी भरायचं. इथेही तेच आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर चाकांना फिरवायचं थांबते आणि चाकं मोटरला फिरवू लागतात. मोटरचं जनित्र होतं, इन्व्हर्टर त्या विजेची डीसी करून बॅटरीत ढकलतो, आणि चाकांना जो जडपणा येतो तोच आपला ब्रेक.

आता जमाखर्च. ताशी 50 च्या वेगाने चाललेल्या माझ्या गाडीत वेगाच्या रूपाने जी ऊर्जा साठलेली असते ती साधारण 0.044 युनिट. गाडी एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे ही जेमतेम 300 मीटरची पुंजी. सिग्नलला थांबताना रीजनने ती परत घेतली तरी मोटर, इन्व्हर्टर, बॅटरी असे टप्पे जाताना आणि पुन्हा येताना प्रत्येक जण आपला वाटा कापून घेतो. चाकापासून निघून पुन्हा चाकापर्यंत पोचतं ते 60 ते 70 टक्के. थोडक्यात, दर सिग्नलमागे 200 मीटर. पेट्रोलच्या गाडीत हे 200 मीटरही ब्रेक पॅड तापवण्यातच जायचे, त्यामुळे ही रक्कम नक्कीच चांगली आहे. पण ती कमाई नाही. शंभराची नोट मोडल्यावर हातात आलेले सुटे पैसे आहेत.

याचा दुसरा अर्थ लक्षात यायला मला चार महिने लागले, आणि तेव्हापासून माझी गाडी चालवायची पद्धतच बदलली. मी आधी सगळीकडे लेव्हल 3 लावून फिरत होते. पाय उचलला की मीटरची सुई हिरव्या पट्ट्यात जायची, फार बरं वाटायचं. मग एका मोकळ्या, सपाट रस्त्यावर आठवडाभर जाताना 3 आणि येताना 0 लावून पाहिलं, दुसऱ्या आठवड्यात उलट केलं. दोन्ही आठवडे 0 वर खर्च कमी आला, आणि हिरवी सुई तर जवळजवळ हललीच नाही! कारण सोपं आहे. वेग वेगाच्याच रूपात ठेवला आणि गाडी आपसूक घरंगळू दिली तर मधले दलाल येतच नाहीत. तोच वेग बॅटरीत टाकून पुन्हा काढला की तीस-चाळीस टक्के दलाली गेली. पुढे सिग्नल लाल दिसतोय, अंतर भरपूर आहे, तर 0 वर गाडी सोडून द्यावी आणि शेवटी लागेल तेवढंच रीजन घ्यावं. हिरवा पट्टा बघून खूश होणं म्हणजे सुट्ट्या पैशांसाठी नोटा मोडत बसणं.

हायवेवर तर प्रश्नच मिटतो. ताशी 100 ला साठलेली ऊर्जा 50 च्या चौपट असते हे खरं, पण तिथे थांबायचंच कुठे असतं? तिथला खर्च हवा खाते आणि हवेने खाल्लेलं कुणी परत देत नाही.

घाटाचा हिशेब मला सगळ्यात आवडतो, कारण त्याचा ताळा जमतो. माझ्या नेहमीच्या घाटाची उंची 600 मीटर, रस्ता 12 किलोमीटर. 1650 किलो 600 मीटर वर उचलायला 2.7 युनिट लागतात. त्यात टायरांचं घर्षण, हवा आणि मोटरचं नुकसान मिळवलं की चार युनिटच्या आत-बाहेर, म्हणजे 40 पैकी दहा टक्के. उतरताना ते 2.7 युनिट हाताशी असतात. त्यातला साधारण पाव भाग टायर आणि हवा घेतात. उरलेले दोन युनिट मोटरमधून बॅटरीत जाताना दीडच्या वर थोडे राहतात, आणि तेवढ्या वेळात एसी चालू असतो तो वेगळाच. हातात पडतात सव्वा युनिट, म्हणजे तीन टक्के. वहीतल्या 22 नोंदींत कमीत कमी 2 आणि जास्तीत जास्त 4 आले आहेत. गाडी खोटं बोलत नाही एवढं प्रमाणपत्र मी तिला देते.

उतरणीवर गाडी हाताळायला मात्र अप्रतिम आहे. लेव्हल 3 वर एका पायाने अख्खा घाट उतरता येतो. पाय जरा सैल केला की वेग कमी, जरा दाबला की सुटते. पेट्रोलच्या गाडीत दुसरा गिअर टाकून एंजिनचा जो ओरडा ऐकत उतरायचो तो नाही. मागच्या सीटवरून तक्रार येते ती वेगळी. सासूबाई पहिल्यांदा बसल्या तेव्हा तिसऱ्याच वळणावर म्हणाल्या, "अगं, गाडी हिसके का देतेय? जरा दमानं घे, पोटात ढवळतंय." चूक माझ्या पायाची होती. लेव्हल 3 वर पाय झटकन उचलला की माणसं पुढे झुकतात. पाय उचलायचा नसतो, उकलायचा असतो. मला दोन महिने लागले. अजूनही त्या सोबत असल्या की मी लेव्हल 1 वरच राहते.

आता तक्रारी. पहिली खरोखर गंभीर आहे, आणि ती खरं तर कंपनीबद्दल नाही, मला हे आधी कुणी सांगितलं नाही याबद्दल आहे. एकदा घाटमाथ्यावर मुक्काम होता. चार्जर फुकट होता म्हणून रात्रभर लावून ठेवला. सकाळी 100 टक्के. उतार सुरू झाल्यावर सवयीने डावं पातं दोनदा ओढलं आणि गाडी तशीच पळत राहिली. स्क्रीनवर बारीक अक्षरात 'रीजन मर्यादित'. भरलेल्या भांड्यात आणखी ओतणार कुठे? खालचा गिअर टाकावा तर या गाडीला गिअरच एक. सगळा घाट साध्या ब्रेकवर उतरले, सातव्या-आठव्या वळणाला पॅडचा जळका वास आला, मग कडेला थांबून गार होऊ दिले. आता उंचावरून निघायचं असेल तर मी 85 च्या पुढे चार्ज करत नाही. बॅटरी फार गार असली तरीही हेच होतं: थंड लिथियम-आयन सेलमध्ये वीज जोरात ढकलली तर लिथियमचा धातू ॲनोडवर, म्हणजे सेलच्या ऋण टोकावर, बसू लागतो, म्हणून गाडीच हात आखडता घेते. विक्री करताना लेव्हल 3 चं कौतुक करणाऱ्यांनी हे एक वाक्य जोडायला काय हरकत होती?

दुसरी तक्रार खड्ड्यांची. रीजन चालू असताना पुढचं चाक खड्ड्यात उडालं की पकड सुटते, चाक घसरतंय असं समजून गाडी रीजन क्षणभर सोडून देते आणि आपल्याला वाटतं गाडी पुढे झेपावली. झेपावत नाही, धरलेला हात सुटतो इतकंच. पण पुढच्या गाडीच्या जवळ असताना पोटात गोळा येतो. उजवा पाय ब्रेकच्या आसपास ठेवायची सवय वन-पेडलच्या, म्हणजे एकाच पेडलवर गाडी चालवायच्या, नादात मोडू देऊ नये, ती इथे कामाला येते.

तिसरी किरकोळ पण रोजची: गाडी बंद करून चालू केली की लेव्हल पुन्हा 1. काल कितीवर होते हे तिला आठवत नाही. आतापर्यंत मी ते डावं पातं किती वेळा ओढलं असेल याची नोंद मात्र ठेवलेली नाही.

ब्रेकच्या दिव्याबद्दल मला शंका होती. मी ब्रेकला हातच लावत नाही, तर मागच्याला कळणार कसं? संयुक्त राष्ट्रांच्या 13-एच या ब्रेकविषयक नियमात याचं उत्तर आहे: रीजनमुळे वेग दर सेकंदाला 1.3 मीटर प्रति सेकंदाहून जास्त घटत असेल तर दिवा लागलाच पाहिजे, 0.7 किंवा त्याहून कमी असेल तर लागता कामा नये, मधल्या पट्ट्यात कंपनीने ठरवावं. भाच्याला त्याच्या गाडीतून मागे यायला लावलं आणि स्पीकरवर बोलत राहिलो. लेव्हल 1 वर पाय उचलला: "काही नाही मावशी." लेव्हल 2: "नाही... हां, आता लागला." लेव्हल 3: "लगेच." समाधान झालं. लेव्हल 2 वर जरा उशिरा लागतो, तेव्हा मागे ट्रक असेल तर मी ब्रेकला नुसता पाय टेकवते.

प्रत्यक्ष ब्रेक पेडलबद्दल लिहायचं तर काम चोख आहे. हळू दाबलं तर आधी रीजन, पुरत नसेल तर पॅड. दोघांची अदलाबदल कळतसुद्धा नाही, फक्त ताशी आठ-दहाच्या खाली मोटरची धार संपते तिथे एक बारीकसा झोल जाणवतो. जोरात दाबलं तर पॅडना पर्यायच नाही. ताशी 100 वरून करकचून ब्रेक मारला तर पहिल्या क्षणी माझी गाडी साडेतीनशे किलोवॅटच्या आसपासच्या दराने ऊर्जा फेकते. माझ्या मीटरवर रीजन 50 च्या वर गेलेलं मी पाहिलेलं नाही. फॉर्म्युला ई या विजेच्या गाड्यांच्या शर्यतीत 2023 मध्ये आलेल्या जनरेशन 3 गाड्या पुढून 250 आणि मागून 350, मिळून 600 किलोवॅटपर्यंत परत घेऊ शकतात, आणि त्यांच्या मूळ रचनेत मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेकच ठेवले नव्हते. ते रेसवाल्यांना लखलाभ! मला माझे पॅड हवेत.

रीजन खऱ्या अर्थाने फायद्यात कुठे असतं तर जिथे माल वर भरतात आणि खाली उतरवतात. स्वीडनमधल्या किरुनाच्या खाणीतलं लोखंडाचं खनिज रेल्वेने नॉर्वेच्या नार्विक बंदरात जातं. भरलेली गाडी उतरताना वीज वरच्या तारेत सोडते, आणि रिकामी गाडी वर चढायला ती कामाला येते. माझ्याबाबतीत उलटं होतं, मी घाट चढते तेव्हा डिकी भरलेली असते.

माझी मार्कं: हाताळणी 5 पैकी साडेचार, प्रामाणिकपणा 5, माहितीपत्रक 1. शहरात आणि घाटात भरपूर फिरणाऱ्यांनी रीजनच्या लेव्हल हाताने बदलता येतील अशीच गाडी घ्यावी. ज्या गाड्यांत हे स्क्रीनच्या तिसऱ्या मेनूत पुरून ठेवलंय त्या चालवून पाहिल्या, वळणावर कोण मेनू उघडणार? हायवेवरच फिरणाऱ्यांनी यासाठी एक पैसाही जास्त मोजू नये.

गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला नेली तेव्हा मेकॅनिकने चाक काढून दाखवलं. पुढचे पॅड जवळपास नव्यासारखे जाड. मी मान ताठ करणार तेवढ्यात त्याने मागच्या डिस्कवर बोट फिरवलं आणि तांबडं झालेलं बोट माझ्यापुढे धरलं. "ताई, गंज चढलाय. ब्रेक वापरत जा." काही कंपन्या विजेच्या गाड्यांना मागे पुन्हा बंदिस्त ड्रम ब्रेक का देतात ते तेव्हा समजलं. लेव्हल 0 ठेवून ब्रेक दाबला तरी माझी गाडी आधी रीजनच घेते, त्यामुळे त्याने सांगितलेला उपाय न्यूट्रलचा आहे. दर रविवारी सकाळी मागच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी 40 पर्यंत नेते, न्यूट्रल करते आणि ब्रेक दाबून थांबते, असं चार वेळा. वहीत खर्चाच्या बाजूला लिहिते: 0.1 युनिट, गंजखाते.