चिऱ्याच्या भिंतीत फळी: गिट्टी की फास्टनर?

रत्नागिरी-मालवणकडच्या घरांत फळी बसवताना आधी भिंत ओळखा. कोपऱ्यात बारीक भोक पाडून बघा: लाल भुकटी आली तर जांभा (ज्याचे चिरे काढतात तो लाल दगड), राखाडी आली आणि बिट अडखळलं तर काँक्रीट.

जांभ्यात नायलॉनची गिट्टीच (भोकात ठोकून आत स्क्रू पिळायची पोकळ खुंटी) बरी. लोखंडी फास्टनर (नट लावलेला अँकर बोल्ट) आवळला की भोकात फुगतो आणि सच्छिद्र चिरा आतून फुटतो. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, मग नुसता फिरत राहतो. गिट्टीचा दाब तिच्या लांबीभर पसरतो. ८ मिमीची लांब गिट्टी, ५ मिमी जाडीचा स्क्रू आणि ८ मिमीचंच बिट घ्या. ड्रिलचा हॅमर (ठोके देत फिरण्याची सोय) बंद ठेवा, नाहीतर भोक सैल होतं. गिलावा धरून ठेवत नाही, म्हणून गिट्टी त्याच्या पार चिऱ्यात गेली पाहिजे. सांधा टाळा, चिऱ्याच्या मधोमध भोक घ्या. आतली भुकटी फुंकून काढा (डोळे मिटून!). ती राहिली की गिट्टी पुरती आत जात नाही.

काँक्रीटच्या कॉलममध्ये मात्र फास्टनरला तोड नाही. तिथे हॅमर हवाच. भोकाचं माप पाकिटावर असतं तेच. सळई लागली तर जोर न करता जागा बदला.

ब्रॅकेटच्या वरच्या स्क्रूवर बाहेरची ओढ येते, तिथे कंजुषी नको. खाऱ्या वाऱ्यात जस्ताचा मुलामा फार टिकत नाही. समुद्राकाठी ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या, महाग पडलं तरी.